अणुवीज प्रकल्पाची पहिली ऑर्डर: लहान कारखानदारांसाठी पायरीपायरीने

भोसरी, चाकण, अंबड, गोकुळ शिरगाव किंवा बोईसरला तुमची शेड असेल आणि टिग वेल्डिंगला हात बसलेले चार वेल्डर पदरी असतील, तर "अणुऊर्जेत आता भरपूर काम निघणार आहे, तुम्ही का नाही घुसत?" असं कुणीतरी तुम्हाला सुनावलं असेलच. सुनावणारा चुकीचा नाही. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या १० देशी अणुभट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट जाहीर झालं, तेव्हा देशाची अणुवीजक्षमता ९ गिगावॉटच्याही आत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा शांती कायदा मंजूर केला आणि खासगी कंपन्यांनाही प्रकल्प उभारायची वाट मोकळी झाली.

पण सोमवारी सकाळी शेड उघडल्यावर नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. फॅब्रिकेशन आणि मशीनिंगच्या अशा कामांत क्वालिटीची बाजू सांभाळताना जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मायक्रॉनमध्ये काम करणारे कारखाने आपल्याकडे पुष्कळ आहेत. इथे कस लागतो तो पुराव्याचा. तुकडा कुठल्या पोलादाचा, कोणी जोडला, कशाने मोजला, हे दहा वर्षांनी विचारलं तरी कागदावर दाखवता आलं पाहिजे.

१. काय विकायचं आणि कुणाला, ते आधी ठरवा

गिऱ्हाईक एकच नाही. भट्ट्या उभारते आणि चालवते ती एनपीसीआयएल ही सरकारी कंपनी. तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), अणुइंधन बनवणारं हैदराबादचं एनएफसी, जड पाणी बनवणारं हेवी वॉटर बोर्ड यांची खरेदी अणुऊर्जा विभागाच्या डायरेक्टोरेट ऑफ पर्चेस अँड स्टोअर्समार्फत होते. कल्पाक्कमला फास्ट ब्रीडर प्रकारच्या भट्टीची सरकारी कंपनी भाविनी. आणि या सगळ्यांच्या आधी तुमच्या कामाचे म्हणजे मोठे उत्पादक: एल अँड टी, गोदरेज, भेल, वालचंदनगर इंडस्ट्रीज. नवख्याने थेट एनपीसीआयएलच्या दारात उभं राहण्यापेक्षा अशा एखाद्या कारखान्याचा जॉबवर्क पुरवठादार होऊन सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचे क्वालिटीवाले तुमच्या शेडमध्ये येऊन बसतात, छळतात, आणि त्या छळातच शिक्षण होतं.

आता काय विकायचं. प्रकल्पातली प्रत्येक वस्तू काही अणुभट्टीच्या पोटात जात नाही. उपकरणांचे सुरक्षेनुसार वर्ग पाडलेले असतात. सर्वांत वरच्या वर्गात मुख्य शीतक (भट्टीतली उष्णता वाहून नेणारा द्रव) वाहणारी उपकरणं, खाली उतरत जाऊन टर्बाइनच्या बाजूचा माल आणि अगदी साध्या टाक्या. त्याला जोडून भूकंपासाठीचं वेगळं वर्गीकरण असतं. पहिल्या वर्षी एम्बेडेड प्लेट, पाइप सपोर्ट, केबल ट्रे, डक्ट, टाक्या, प्लॅटफॉर्म अशी कामं धरा. एम्बेडेड प्लेट म्हणजे काँक्रीटमध्ये गाडली जाणारी प्लेट, दिसायला अगदी गरीब. पण लागते ढिगाने आणि शिस्त मात्र पुरेपूर शिकवते.

वरच्या वर्गात जायची ओढ का असते तेही सांगतो. ७०० मेगावॉटच्या एका भट्टीत ३९२ कूलंट चॅनल, म्हणजे इंधन धरणाऱ्या आणि शीतक वाहणाऱ्या नळ्या, असतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एण्ड फिटिंग, म्हणजे एकाच भट्टीला ७८४ नग, आणि शीतक आणणारे-नेणारे फीडर पाइपही तेवढेच. एकदा पद्धत बसली की तेच काम पुन्हा पुन्हा येतं. पण तिथे पोचायला वर्षं लागतात, हे गृहीत धरा.

२. फाइल तयार करा

निविदा आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच एका जागी ठेवा:

- उद्यम नोंदणी, जीएसटी, पॅन, कारखान्याचा परवाना
- वर्ग ३ ची डिजिटल स्वाक्षरी, आणि ती मालकाच्या नावाने; निविदेच्या शेवटच्या दिवशी अकाउंटंट रजेवर असतो
- तीन वर्षांचे ताळेबंद
- आयएसओ ९००१ आणि तुमचं स्वतःचं क्वालिटी मॅन्युअल
- मशीनची यादी क्षमतेसह: क्रेन किती टनाची, बेड किती लांब
- वेल्डिंगचे डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी पद्धत), पीक्यूआर (ती पद्धत चाचणीत उतरल्याची नोंद) आणि प्रत्येक वेल्डरची पात्रता, एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या कोडच्या सेक्शन ९ नुसार
- तपासणी करणाऱ्यांची एनडीटी (माल न तोडता तपासणी) लेव्हल २ ची प्रमाणपत्रं, मुदत पाहून
- मोजमापाच्या साधनांची कॅलिब्रेशन यादी, एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेची
- आधी केलेल्या कामांच्या ऑर्डर आणि काम पूर्ण झाल्याचे दाखले

क्वालिटी मॅन्युअलबद्दल एक शब्द. सल्लागाराकडून आणलेलं, दुसऱ्या कंपनीचं नाव खोडून तुमचं टाकलेलं मॅन्युअल ऑडिटर दुसऱ्या पानावर ओळखतो. त्यात नसलेला विभाग असतो, नसलेलं रजिस्टर असतं. वीसच पानांचं करा, पण शेडमध्ये जसं चालतं तसंच लिहा.

एएसएमईचा एन स्टॅम्प (अणुउपकरणं बनवणाऱ्याला मिळणारा शिक्का) आणि अणुपुरवठ्यासाठीचं आयएसओ १९४४३ ही दोन नावं ऐकून पुष्कळ जण आधी त्यांच्यावर पैसे घालतात. देशी भट्ट्यांची कामं एएसएमई कोडप्रमाणे होतात, पण लहान पुरवठादाराकडे स्टॅम्प सहसा मागत नाहीत. बाहेरच्या देशात माल पाठवायचा असेल तेव्हा पाहता येईल. आयएसओ १९४४३ मात्र विकत आणून वाचा. "ज्या वस्तूवर सुरक्षा जास्त अवलंबून तिला जास्त तपासणी" हा विचार त्यात नीट मांडलेला आहे, आणि पुढे सगळीकडे तोच भेटतो.

३. निविदा शोधा आणि शेवटच्या पानापासून वाचा

जेम पोर्टल (सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार), केंद्राचं सार्वजनिक खरेदी पोर्टल आणि एनपीसीआयएलची व अणुऊर्जा विभागाची ई-निविदा संकेतस्थळं, एवढं रोज सकाळी चहाबरोबर बघायची सवय लावा. सरकारी कंपन्या लहान उद्योगांसाठी पुरवठादार मेळावे घेतात. तिथे व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरण्यापेक्षा "तुम्हाला कुठला माल वेळेवर मिळत नाही?" एवढा एकच प्रश्न विचारा. खरेदी अधिकारी या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देतात, असा अनुभव आहे.

लहान उद्योगांसाठीच्या सवलती माहीत हव्यात. २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे सरकारी कंपन्यांनी वार्षिक खरेदीचा २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. अनामत रक्कम माफ असते. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर, कमी दरवाला लघु उद्योग नसताना, तो दर जुळवून तुम्हाला काही भाग मिळू शकतो. जुना अनुभव आणि उलाढाल यांची अटही कधी शिथिल होते. पण सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या मालाला ही शिथिलता मिळेलच असं समजू नका. निविदेत ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

शेवटच्या पानापासून का? कारण पुढची पानं सगळीकडे सारखीच असतात. खरा खर्च जोडपत्रांत दडलेला असतो: तांत्रिक तपशील, क्यूएपीचा (क्वालिटी अॅश्युरन्स प्लॅनचा) नमुना, पॅकिंग, सुटे भाग. एका निविदेत मालाचं वर्णन चार ओळींचं आणि स्वच्छतेच्या अटी अकरा पानांच्या, असंही बघितलं आहे. बोलीपूर्व बैठकीला जा आणि शंका लेखी विचारा. नंतर फोनवर मिळालेल्या उत्तराला किंमत नसते.

दायित्वाचं कलम, म्हणजे अणुअपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची ते, याच वेळी वाचायचं. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात सदोष मालासाठी पुरवठादाराकडून भरपाई मागण्याची तरतूद होती आणि तिच्या धास्तीनेच अनेक जण या क्षेत्रापासून लांब राहिले. शांती कायद्याने ती काढली. पण लेखी करारातच तसं कबूल केलेलं असेल तर मागणी होऊ शकते. तेव्हा करारावर सही करण्याआधी वकिलाला तेवढं कलम दाखवा. मोठ्या कंत्राटदाराच्या छापील करारात ते अगदी आतल्या पानावर असू शकतं.

४. दर लावताना कागदाचा खर्च धरा

सगळ्यांत जास्त कारखाने इथे मार खातात. किलोवर भाव काढायची आपली सवय. चाकणच्या एखाद्या ऑटो कंपनीला देतो तसा भाव इथे दिला, तर ऑर्डर मिळेल आणि तीच ऑर्डर बुडवेल.

काय काय धरायचं? चाचणीच्या तुकड्यांसाठी जास्तीचा माल. वेल्डिंगची पद्धत आणि वेल्डरची पात्रता त्याच धातूवर, त्याच जाडीवर नव्याने करावी लागली तर त्याचा खर्च. शंभर टक्के रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी प्रत्येक वेल्डच्या आतलं चित्र काढणं. पूर्ण वेळ कागदपत्रं सांभाळणारा एक माणूस. अर्धवेळ नाही चालत. इन्स्पेक्टरची वाट बघत क्रेनखाली अडून बसलेला जॉब. आणि थोडंच हवं असलेल्या खास पोलादासाठी मिलने लावलेली किमान ऑर्डरची अट. दोन टन हवं असताना मिल दहा टनांखाली बोलत नाही, तेव्हा उरलेल्या आठ टनांचं काय, हे दर भरायच्या आधी ठरवा.

५. शेड बदला, मशीन नंतर

नवी मशीन घेण्याआधी एक पार्टिशन घाला. स्टेनलेस आणि कार्बन स्टील एका छताखाली ग्राइंड होऊ लागलं की लोखंडाचा कीस उडून स्टेनलेसवर बसतो आणि तिथून गंज धरतो. म्हणून स्टेनलेसची वेगळी जागा, वेगळे ग्राइंडिंग व्हील, स्टेनलेसच्या तारेचेच ब्रश, क्रेनला बेल्टचे स्लिंग, टेबलावर रबर किंवा लाकूड. साखळी आणि उघडा हुक तिथे फिरकता कामा नये. हत्यारांना रंगाचे पट्टे मारा. नुसत्या सूचना भिंतीवर राहतात.

दुसरा शत्रू क्लोराइड. तापलेल्या, ताण असलेल्या स्टेनलेसला क्लोराइड लागला की बारीक भेगा पडतात, आणि त्या वर्षांनी दिसतात. त्यामुळे साधा मार्कर पेन, साधी चिकटपट्टी, कुठलाही कटिंग ऑइल चालत नाही. क्लोराइड कमी असल्याचं प्रमाणपत्र असलेलेच वापरायचे आणि ते प्रमाणपत्रही फाइलला लावायचं. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीला) बोअरवेलचं पाणी नको, डीएम म्हणजे क्षार काढलेलं पाणी. घामातही मीठ असतं, म्हणून तयार पृष्ठभागाला हात लावताना सुती हातमोजे. बोईसरसारख्या समुद्राजवळच्या एमआयडीसीत असाल तर स्टेनलेसच्या प्लेटा उघड्या आवारात ठेवूच नका.

इलेक्ट्रोडचा बेकिंग ओव्हन, वेल्डरच्या हाताशी छोटा पोर्टेबल ओव्हन, आणि किती वाजता किती इलेक्ट्रोड काढले याची वही. ही वही ऑडिटर हमखास मागतो. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एकाच दिवशी लिहिलेल्या दिसल्या की तो पुढचं सगळं संशयाने तपासतो. बरोबरच करतो.

रेडिओग्राफी स्वतः करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. किरणोत्सारी स्रोत बाळगायला एईआरबीची (अणुसुरक्षेच्या सरकारी नियामक मंडळाची) परवानगी आणि प्रशिक्षित माणसं लागतात. परवानाधारक एजन्सीला बोलवा, तिचा परवाना चालू आहे ना ते आधी बघा, आणि किरणांचं शूटिंग रात्री, दोरी बांधून, शेड रिकामी करून. रात्रपाळीच्या वॉचमनलाही समजावून सांगा.

६. कच्चा माल: इथेच निम्मं काम

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून किंवा गिरगावच्या स्टॉकिस्टकडून माल उचलायची आपली रीत आहे. त्यात वावगं काही नाही, पण टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्सची झेरॉक्स इथे चालत नाही. मिलचं मूळ सर्टिफिकेट हवं. त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या वितळणीचा क्रमांक) आणि प्लेटवर ठोकलेला हीट नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. शक्य तिथे मिलला थेट ईमेल करून सर्टिफिकेट खरं आहे का विचारा. तो ईमेल जपून ठेवा. मग एनएबीएल प्रयोगशाळेत स्वतः एक नमुना तपासा.

कोबाल्टचा सापळा वेगळाच. भट्टीजवळच्या स्टेनलेसमध्ये कोबाल्ट किती चालेल याची कमाल मर्यादा ऑर्डरमध्ये असते, कारण भट्टीत त्याचं किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं आणि मग दुरुस्तीला येणाऱ्या माणसांना त्याचा त्रास. पण मिलच्या नेहमीच्या सर्टिफिकेटवर कोबाल्टचा रकानाच नसतो. माल आल्यावर हे लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा.

आता प्लेट कापायची वेळ. सहा मीटरची प्लेट, एका कोपऱ्यात हीट नंबर. त्यातून नऊ तुकडे निघणार. गॅस पेटवण्याआधी खडूने नऊही तुकडे आखायचे (खडूही क्लोराइड कमी असलेलाच), प्रत्येकावर तोच नंबर गोल नाकाच्या पंचने ठोकायचा, ऑर्डरमध्ये असेल तर इन्स्पेक्टरसमोर, आणि त्याने शिक्का मारल्यावरच कापायचं. उरलेल्या तुकड्यावरही नंबर. कापून झाल्यावर "हा त्याच प्लेटचा आहे हो, मी बघितलंय" असं म्हणणाऱ्या फिटरचा शब्द कितीही खरा असला तरी तो तुकडा भंगार. ज्यांना हा अतिरेक वाटतो त्यांनी दक्षिण कोरियाचं प्रकरण वाचावं. तिथे २०१२ आणि २०१३ मध्ये सुट्या भागांची आणि केबलची बनावट प्रमाणपत्रं सापडली आणि चालू भट्ट्या बंद कराव्या लागल्या.

७. क्यूएपी: सही झाल्याशिवाय वेल्डिंग नाही

ऑर्डर मिळाली की पहिलं काम ड्रॉइंगला आणि क्वालिटी अॅश्युरन्स प्लॅनला मंजुरी घेणं. क्यूएपी म्हणजे एक मोठा तक्ता. प्रत्येक टप्पा, तपासणीची पद्धत, किती टक्के, स्वीकाराचा निकष, नोंद कुठल्या नमुन्यात, आणि कोण करणार, कोण बघणार, कोण कागद तपासणार. त्यात काही टप्प्यांपुढे होल्ड पॉइंट असं लिहिलेलं असतं. तिथे गिऱ्हाइकाचा माणूस येऊन सही करेपर्यंत काम थांबतं. विटनेस पॉइंटला त्याला बोलवायचं. न आल्यास पुढे जाता येतं, पण त्याचंही लेखी हवं.

मंजुरीला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो. तिकडून शेरे येतात, तुम्ही सुधारता, पुन्हा शेरे येतात. हे दिवस डिलिव्हरीच्या मुदतीत धरलेत का, ते आधी बघा, कारण उशिराचा दंड आठवड्याच्या हिशेबाने चढतो. शेऱ्यांना उत्तर देताना "नोंद घेतली" एवढंच लिहू नका. काय बदललं, कुठल्या पानावर, ते लिहा. एक फेरी वाचते.

इन्स्पेक्टरला बोलावण्याआधी जॉब स्वतः पूर्ण तपासा. गेज कॅलिब्रेशनच्या मुदतीत आहे ना, ड्रॉइंग शेवटच्या सुधारणेचंच आहे ना, जॉबखाली उजेड आहे ना. तो येऊन रिकाम्या हाताने परत गेला तर पुढची तारीख कधी मिळेल ते तुमच्या हातात नसतं.

८. चूक झाली तर एनसीआर

चूक होणारच. वेल्डमध्ये पोरोसिटी, म्हणजे बारीक छिद्रं, निघेल, बोअर तीन शतांशाने मोठं होईल. आपल्या शेडमधली जुनी पद्धत म्हणजे रात्रीतून भरून घासून टाकायचं. इथे ती पद्धत तुम्हाला कायमचं बाहेर काढेल. चूक दिसली की जॉबला लाल टॅग, बाजूला ठेवायचा, आणि नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट लिहायचा: काय झालं, कशामुळे, काय करायचा विचार आहे. गिऱ्हाईक मंजूर करेल, दुरुस्ती सुचवेल किंवा फेकायला सांगेल. तोपर्यंत हात लावायचा नाही.

मालकाने इथे स्वतःला आवरायचं असतं. चूक सांगायला आलेल्या पोरावर सगळ्यांसमोर ओरडलात, तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणार नाही, ती थेट तारापूर किंवा काक्रापारच्या अणुवीज केंद्रात जाईल. एनसीआरची संख्या शून्य असलेला कारखाना अनुभवी ऑडिटरला जास्त खटकतो.

९. हिस्टरी डॉकेट आणि पैसे

शेवटी सगळे कागद एका बाडात बांधले जातात, त्याला हिस्टरी डॉकेट म्हणतात. मिल सर्टिफिकेट, वेल्ड मॅप (कुठला जोड कुठे, त्याचा नकाशा), रेडिओग्राफीच्या फिल्म, मोजमापं, हायड्रो टेस्ट, एनसीआर आणि त्यांच्या मंजुऱ्या, सगळं. डॉकेट मंजूर झाल्याशिवाय डिस्पॅचची परवानगी मिळत नाही, आणि परवानगीशिवाय बिल नाही. म्हणून ते शेवटच्या आठवड्यात बांधायला बसू नका. पहिली प्लेट आली त्या दिवशी पहिलं पान लावा आणि दर शनिवारी त्या आठवड्याचे कागद घाला. स्कॅन प्रत वेगळ्या जागी ठेवा, कारण एमआयडीसीतल्या शेडमध्ये पावसाळ्यात पाणी येतं.

डिस्पॅचआधी पाइपांची आणि नोझलची तोंडं बंद, आत काही राहिलं नाही याची सही. ग्राइंडिंगचा एक तुकडा किंवा बोळा आत राहिला तर सुरुवातीच्या चाचणीतच तो बाहेर निघतो, आणि कुणाच्या जॉबमधून निघाला हे डॉकेटवरून लगेच कळतं.

पैशाचं गणित आधीच मांडा. बँक गॅरंटीसाठी मार्जिन अडकतं, माल विकत घेतल्यापासून बिल मिळेपर्यंतचा काळ लांब असतो. लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण घड्याळ सुरू होतं स्वीकृतीपासून, तुम्ही ट्रक पाठवल्यापासून नाही. बिल ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर टाकता येईल का, ते ऑर्डर घेतानाच विचारा. तिथे बिलावर बँकेकडून आगाऊ पैसे उचलता येतात. आणि मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली काम करत असाल तर "आम्हाला वरून पैसे आले की देऊ" असं कलम करारातून काढून घ्या. काढत नसतील तर निदान त्यावर दिवसांची मर्यादा लिहून घ्या.